‘कशावरून?’ विचारणाऱ्या हळबे बाई

शरयू हळबे बाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या नीट दिसत नव्हत्या. लखनऊची जानेवारीतली सकाळ होती. वडिलांची बदली पठाणकोटहून लखनऊ छावणीत अचानक झाली, आणि वर्षाच्या मध्येच मी इथल्या एका मुलींच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दाखल झाले. गोमतीवरून आलेले धुके खिडक्यांतून वर्गात शिरले होते. दिवे लावलेले असूनही मागच्या बाकावरून फळा पुसट दिसत होता. त्या पांढुरक्या उजेडात करडी शाल घेतलेल्या एक बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वर्ग भरला तरी त्या वळल्या नाहीत. बाहेर बघतच त्यांनी विचारले, "सामने क्या है?"

"पीपल का पेड़," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"दिख रहा है?"

"नहीं मैम. मगर कल तो था."

"तो यही लिखिए. कल था. आज कोहरा है." मग त्या वळल्या, शाल सारखी केली आणि हजेरी घ्यायला बसल्या. माझे नाव आल्यावर त्यांचे बोट थांबले. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले आणि एकदम मराठीत विचारले, "कुठली गं तू, मृणाल?"

इतक्या दिवसांत घराबाहेर मराठी ऐकली नव्हती. मी गडबडले. "साताऱ्याची. म्हणजे बाबा साताऱ्याचे. मी तशी कुठलीच नाही."

"‘कुठलीच नाही’ हा निष्कर्ष झाला," बाई म्हणाल्या. "कशावरून?"

मग मला आमच्या बदल्यांची गावे एकेक करून सांगावी लागली. बाईंनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, "बघ, म्हणजे बऱ्याच ठिकाणची आहेस. पुरावा उलटच निघाला." त्या हसल्या आणि धुक्यात निघून गेल्या. लखनऊ आपले होऊ शकेल असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

बाई मूळच्या मिरजेच्या. हळबे काका रेल्वेत अभियंता होते आणि लग्नानंतर त्यांच्या नोकरीमुळे बाई इकडे आल्या. सुरुवातीची वर्षे कशी गेली ते बाई मजेने सांगतात. दुपारभर रिकामे घर, बाहेर न समजणाऱ्या अदबीने बोलणारे शहर. भाजीवाला ‘तशरीफ़’ म्हणाला की काय उत्तर द्यायचे ते कळेना. पुढे ‘चौक’ नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडे त्या उर्दू लिपी शिकायला जाऊ लागल्या. का, असे कुणी विचारले की म्हणायच्या, "दुकानांच्या जुन्या पाट्यांवर काय लिहिलंय ते मला कुणी नीट सांगत नव्हतं." पाट्यांवरून त्या थडग्यांवरच्या मजकुराकडे गेल्या, तिथून जुन्या कागदपत्रांकडे, आणि मग कॉलेजात इतिहास शिकवायला लागल्या. निवृत्त होईपर्यंत त्या एकाच कॉलेजात होत्या.

बाईंच्या शिकवण्याबद्दल पुष्कळांनी लिहिले असेल. मला आठवतात ते त्यांचे मिटलेले डोळे. एखाद्या जुन्या इमारतीत आम्हाला नेले की त्या आधी गप्प उभे राहायला लावायच्या. "अब सोचिए, यहाँ कौन रहता होगा. जी भरके सोचिए." आम्ही डोळे मिटून काय काय बघायचो! पैंजण वाजायचे, अत्तर दरवळायचे, पडद्याआडून कुणी हाक मारायचे. बाईंच्या चेहऱ्यावरूनही कळायचे की त्या फार लांब गेल्या आहेत. मग त्या डोळे उघडायच्या आणि मऊ आवाजात म्हणायच्या, "चलिए. अब यह सब किस बिना पर?" म्हणजे तेच, कशावरून. एकेक गोष्ट गळायला लागायची. पैंजण जायचे, अत्तर जायचे. शेवटी झिजलेला उंबरठा तेवढा उरायचा. पण तो उंबरठा मग असा काही दिसायचा की डोळे मिटून पाहिलेले सगळे त्याच्यापुढे फिके पडावे.

बाईंची खरी ओळख मला ज्या प्रसंगात झाली तो आता सांगते. तो माझ्या मैत्रिणीचा, सबाचा आहे, आणि तिच्या परवानगीने लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षी बाईंनी सांगितले की प्रत्येकीने आपल्या मोहल्ल्यातली एक ऐकीव गोष्ट घ्यायची आणि ती कितपत टिकते ते तपासायचे. सबा चौकात राहायची. तिच्या वडिलांचा, इर्शादमियाँचा, चिकनच्या भरतकामासाठी कापडावर नक्षी छापण्याचा कारखाना घराच्या खालच्या मजल्यावर होता. ते घर मोहल्ल्यात ‘मुख़बिर की कोठी’, म्हणजे खबऱ्याची हवेली, म्हणून ओळखले जाई. सत्तावन्नच्या उठावात या घराच्या मालकाने वरच्या खिडकीत दिवा लावून कंपनीच्या फौजेला खूण केली आणि सगळी गल्ली मारली गेली, अशी गोष्ट होती. शाळेत सबाला त्या नावाने चिडवत. ती खिडकी घरच्यांनी कधीची बंद करून टाकली होती.

आणि नेमक्या त्याच वर्षी शहरातल्या जुन्या वास्तूंवर माहितीचे फलक लावण्यासाठी एक समिती नेमली गेली. कोठीच्या फलकाचा मजकूर तयार झाला होता. त्यात खिडकी होती, दिवा होता आणि सबाच्या पूर्वजाचे नाव होते.

सबा बाईंच्या खोलीत गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मैम, मुझे साबित करना है कि यह झूठ है."

"साबित करना है, या जानना है?"

"आपके घर पर कोई ऐसी तख़्ती लगाता, तो आप जानने बैठतीं?"

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "नहीं. शायद मैं भी साबित ही करना चाहती." त्यांनी सबाला बसवले, चहा मागवला. "मैं साथ चलूँगी. मगर जो मिलेगा वही लिखा जाएगा. आपके पुरखे क़सूरवार निकले, तब भी. घर जाकर सोच लीजिए."

दुसऱ्या दिवशी सबा आली आणि फक्त ‘मंज़ूर’ एवढे म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते.

त्या हिवाळ्यात आम्ही कितीदा तरी चौकात गेलो. तिथल्या गल्ल्यांत ऊन वरच्यावर अडकून राहते आणि खाली निळसर सावली असते. त्या सावलीत छपाईच्या लाकडी ठशांचा ठप्-ठप् आवाज चालू असतो. पांढऱ्या मलमलीवर निळ्या वेली उमटत जातात. त्यांच्यावर भरतकाम होते आणि कापड धुतले की निळा रंग निघून जातो. बाई तिथे थांबून बघत राहायच्या. आम्ही म्हाताऱ्या माणसांना गोष्ट विचारत हिंडायचो. एकाने दिवा सांगितला, दुसऱ्याने आरसा, एका आजींनी लाल ओढणी. कुणाच्या गोष्टीत मालकाला इनाम मिळाले, कुणाच्या गोष्टीत त्यालाच पहिल्यांदा फासावर दिले. बाईंनी कुणालाही खोडून काढले नाही. प्रत्येकाला त्या तेवढाच एक प्रश्न आदराने विचारत, "आपने यह किससे सुना?" ग्रंथालयात शहराची जुनी वर्णने चाळली. त्यांतल्या जुन्यांत गल्लीचे नाव होते, कोठीही होती, पण गोष्ट नव्हती. ती प्रथम सापडली ती बऱ्याच नंतरच्या एका पुस्तकात, ‘कहते हैं’ म्हणून.

मग एके दुपारी आम्ही वरच्या खोलीत गेलो. खिडकीच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत येत होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. बाई नेहमीसारख्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. सबा मात्र खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत होती. तिथला गिलावा सुटला होता. तो तिच्या हाताबरोबर खाली आला, आणि ती एकदम थांबली.

"मैम, यह ईंट मोटी है."

आम्ही धावत खाली गेलो. खालच्या मजल्याच्या भिंती लखौरी विटांच्या होत्या. नवाबी लखनऊ ज्या पातळ, चपट्या विटांनी बांधले गेले, त्या. वरच्या मजल्याच्या विटा मात्र जाड, मोठ्या, सत्तावन्ननंतर इंग्रजी अमदानीत चालू झालेल्या घडणीच्या. सबा पुन्हा वर धावली, पुन्हा खाली आली. ती खिडकी, जिच्यात दिवा लावला म्हणत होते, ती खिडकीच नंतरची होती!

इर्शादमियाँनी माणूस पाठवून मलाई मक्खन आणवले. थंडीत चौकात मिळणारा तो केशरी फेस तोंडात घातला की नाहीसा होतो. सबा हसत होती, रडत होती. बाईंनी द्रोण हातात घेतला, आणि खाण्याआधी हळूच विचारले, "सबा, इस मंज़िल से पहले यहाँ कोई दूसरी मंज़िल नहीं थी, यह हमें मालूम है क्या?"

या मजल्याच्या जागी आधी दुसरा मजला असू शकतो, हे आमच्या कुणाच्या मनातच आले नव्हते. ठशांचा आवाजही थांबला.

"मैम, आप हमारी तरफ़ हैं या नहीं?" सबाने विचारले.

"आप ही की तरफ़ हूँ."

सबाने द्रोण खाली ठेवला आणि आत निघून गेली. त्यानंतर ती कॉलेजात येईना. मला बाईंचा राग आला होता. आनंदाचा एक दिवस तरी तिला मिळू द्यायचा होता, असे मी त्यांना म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल. मला थांबता आलं असतं." त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल, रिक्षा कर. सबाकडे जाऊ."

सबा गच्चीवर बसली होती. आजूबाजूच्या गच्च्यांवर कबुतरे उतरत होती. बाई तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या.

"आप ‘बेक़सूर’ लिखेंगी, तो मैं रोक नहीं सकती," त्या म्हणाल्या. "मगर किसी दिन कोई आएगा, उसे नीचे एक पुरानी सीढ़ी मिल जाएगी जो ऊपर को जाती थी, और वह आपका लिखा सब गिरा देगा. जो आपने सच में पाया है, वह भी. मैं चाहती हूँ आप उतना लिखें, जितना कोई आपसे छीन न सके."

"और जो हमें नहीं मिला?"

"उसे ‘नहीं मिला’ लिखिए. उसमें शर्म की कोई बात नहीं."

इर्शादमियाँ जिन्यात उभे होते. बोटे निळीने रंगलेली. ते म्हणाले, "मैडम, हम सारी उम्र सफ़ाई देते रहे. यह तो कभी सूझा ही नहीं कि कहनेवाले से पूछें, तुम्हें कैसे मालूम."

समितीची बैठक झाली तेव्हा सबाने आपला निबंध वाचला. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. एक निवृत्त अधिकारी सदस्य होते. शहरावर जीव असलेले, पण तापट. ते म्हणाले, "तो पूरा शहर झूठ बोलता है?"

"नहीं साहब, शहर कहता है. हमने बस यह देखा कि कब से कहता है, और जिस खिड़की का नाम लेता है, वह कब की है."

"तो आप दावे से कह सकती हैं कि आपके पुरखे बेक़सूर थे?"

सबाने मागे वळून बाईंकडे पाहिले. बाईंनी मान खाली घातली. त्यांचे हात शालीच्या काठाशी घट्ट आवळलेले मला दिसत होते.  मग सबा म्हणाली, "जी नहीं. नहीं कह सकती. और आप भी दावे से नहीं कह सकते कि क़सूरवार थे."

 त्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, निबंध मागून घेतला आणि तिथेच शेवटपर्यंत वाचला. "यह तख़्ती नहीं लगेगी," ते म्हणाले. "कम-से-कम मेरे दस्तख़त से नहीं." पुढे ती लागलीच नाही. सबाने ‘हो’ म्हटले असते तर ते तिच्याशी भांडले असते, असे त्यांनी नंतर बाईंना सांगितले. ‘नाही’ म्हणाली म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला. बाहेर आल्यावर सबाने बाईंच्या खांद्यावर डोके ठेवले. बाई तिला थोपटत राहिल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "शाब्बास गं पोरी." सबाला ते अर्थासकट कळले.

कोठीची ती खिडकी आता उघडी असते. सबाची आई आणि भावजय तिथल्या उजेडात भरतकाम करत बसतात. मोहल्ल्यातली जुनी माणसे अजूनही ती गोष्ट सांगतात, पण ऐकणारे एखादे पोर मध्येच ‘आपको कैसे मालूम?’ म्हणून अडवते, असे इर्शादमियाँ सांगतात. सबा आज दुसऱ्या एका शहरात इतिहास शिकवते.

मी इतिहासाकडे गेले नाही. इथल्याच अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीत काम करते. एकदा एका प्रवाशाच्या बॅगेतून दागिना गेला, आणि सामान चढवणाऱ्या एका भैयावर सगळ्यांचा संशय गेला. तो नवा होता, घाबरला होता, एवढ्यावरून. वरिष्ठांच्या खोलीत सगळे एका सुरात बोलत असताना माझ्या तोंडून निघून गेले, "हे आपल्याला कशावरून माहीत?" मी ते मराठीत म्हटले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग हिंदीत पुन्हा विचारावे लागले. बॅग त्या भैयाच्या हातात आलीच नव्हती, हे तपासल्यावर निघाले. त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तो बिचारा घरी जाऊन जेवला असेल ना नीट?"

बाईंच्या मायेचे प्रसंग असेच आडून येतात. माझ्या शेवटच्या वर्षी वडिलांची पुन्हा बदली झाली, घर आवरले गेले, आणि परीक्षेपर्यंत मी कुठे राहायचे हा प्रश्न पडला. बाईंनी विचारले काहीच नाही. आमच्या क्वार्टरपुढे ट्रक उभा असताना हळबे काका स्कूटरवरून आले आणि म्हणाले, "हिची ट्रंक कुठली? ती ट्रकात नको." मी त्यांच्याकडे परीक्षा होईपर्यंत राहिले. सकाळी उठले की स्वयंपाकघरातून मिरजेच्या वळणाची मराठी आणि आकाशवाणीवरची उर्दू एकाच वेळी ऐकू यायची. मला ती दोन्ही झोपेतच मिसळलेली वाटत. भोपळ्याचे भरीत आणि लखनवी शीरमाल रोटी एकाच ताटात बाईंच्याच घरी मिळते.

बाई गुण द्यायला कंजूष होत्या, हेही नोंदवायला हवे. वेळ पाळणे त्यांना कधी जमले नाही. विचारात हरवल्या की त्या रिक्षातून भलत्याच ठिकाणी उतरतात आणि तिथेही काहीतरी बघण्यासारखे सापडले म्हणून खूश होतात. मी हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर त्यांनी मला बजावले, "विशेषणं कमी वापर. वापरलीस तर प्रत्येकासाठी एक घडलेली गोष्ट दे." मी प्रयत्न केला आहे. ‘प्रेमळ’ हा शब्द मी म्हणूनच लिहिलेला नाही.

काका गेल्यावर बाईंनी मिरजेला किंवा पुण्याला मुलाकडे जावे, असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. मीही सुचवून पाहिले. बाई गच्चीतल्या खुर्चीत बसल्या होत्या. संध्याकाळ गोमतीच्या अंगाने उतरत होती, दूर कुठेतरी अजान आणि देवळातली घंटा एकमेकींत विरत होत्या. त्या म्हणाल्या, "मिरजेत मी लहान होते, हे सांगणारं तिथे आता फारसं कुणी उरलं नाही. इथे मात्र मी कशी होते ते सांगणाऱ्या तुम्ही सगळ्या आहात. साक्षीदार सोडून कुठे जाऊ?"

यंदा बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, तरी रविवारी त्यांच्याकडे मुली जमतात. हल्ली त्यांना एका पडक्या बावडीने, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीने, झपाटले आहे. शहराच्या कडेला ती आहे, आणि तिच्या तळाशी एक कोरलेली पायरी आहे असे आसपासचे लोक सांगतात. या उन्हाळ्यात मी त्यांना तिथे घेऊन गेले होते. पाणी हिरवे, निश्चल, त्यात आभाळ पडलेले. बाई काठावर काठी टेकून उभ्या राहिल्या. जी पायरी दिसत होती तिच्या खाली आणखी एक, तिच्या खाली आणखी एक अंधुक होत गेलेली.

"अजून उतरलं नाही पाणी," त्या म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यात बघू. नाहीतर त्याच्या पुढच्या."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की मी नकळत त्यांचा हात धरला. बाई, आम्हा सगळ्यांच्या वतीने तुमच्यासाठी एवढेच मागते, की ते पाणी सावकाश, अगदी सावकाश उतरो. दर उन्हाळ्यात एकच पायरी उघडी पडो आणि ती बघायला तुम्ही ठणठणीत असा. तुमचा हात धरून उतरायला आम्ही आहोतच.